खर्जाची खरेदी

या सदराकडे येणाऱ्या पत्रांना चार-चार ओळींत उत्तर देऊन मोकळे व्हायचे, असा आमचा रिवाज आहे. पण एक पत्र मी मुद्दाम दिवाळी अंकासाठी राखून ठेवले. या अंकात जागा जरा सैल मिळते, आणि त्या पत्राला ती हवी होती.

लिहिणारा तरुण बेस गिटार वाजवतो. तिघांचा संच आहे : एक गिटार, एक ड्रम आणि हा. तो लिहितो, "गिटारवाला एकल वादन करायला वर गेला की मागे सगळे रिकामे वाटते. मित्र म्हणतात, ऑक्टेव्ह पेडल घे, खाली भरदार होईल. पहिल्या तीन पगारांतून पैसे बाजूला काढले आहेत. पाडव्याला घ्यायचा विचार आहे. कोणते घेऊ?"

पहिल्या तीन पगारांतले पैसे! एवढ्या रकमेपुढे कोणीही जरा जपूनच बोलावे.

ऑक्टेव्ह पेडल म्हणजे काय, हे ज्याच्या घरी कपलरची पेटी आहे त्याला फोड करून सांगायला नको. कपलर लावला की एक पट्टी दाबताच दुसऱ्या सप्तकातली तीच पट्टी आपोआप खाली जाते आणि एका बोटात दोन सूर निघतात. पेडल हेच करते. फरक एवढाच की, पेटीत त्या दुसऱ्या सुराची रीड आधीपासून बसवलेली असते. पेडलच्या पोटात असे काही तयार नसते. तुम्ही वाजवलेला सूर ऐकायचा आणि त्यावरून दुसरा घडवायचा, हे त्याचे काम. तेव्हा कोणते पेडल चांगले, हे विचारण्याआधी ते कसे ऐकते हे विचारावे.

जुन्या धाटणीची पेडले नुसती मोजतात. तार थरथरली की विजेच्या लाटा येतात. पेडल दर दोन लाटांमागे एक लाट पुढे सोडते. दिंडीत दोन पावलांमागे एक टाळी पडावी, तसे. लाटा निम्म्या झाल्या की सूर बरोबर एक सप्तक खाली उतरतो. जपानच्या बॉस कंपनीचे ओसी-२ हे या घराण्यातले नावाजलेले पेडल. ते १९८२ साली निघाले आणि २००३ साली बंद झाले. आता मिळते ते जुन्या बाजारात. पीनो पॅलाडिनो या वेल्श वादकाने १९८० च्या दशकात पडदे नसलेल्या बेसबरोबर ते वापरले आणि त्या आवाजाने पुष्कळांना वेड लावले. अमेरिकेतल्या एमएक्सआरचे बेस ऑक्टेव्ह डिलक्स याच वळणाचे आहे. त्यात खालच्या सप्तकाचे दोन आवाज मिळतात, एक गोल आणि एक घोगरा. या जातीचा आवाज जाड, थोडासा सिंथेसायझरकडे झुकणारा असतो.

पण मोजणाऱ्याला एका वेळी एकच रांग मोजता येते. दोन तारा एकदम छेडल्या की त्याचा हिशेब चुकतो. आणि अगदी खालच्या सुरांवरही तो अडखळतो. तंबोऱ्याची खर्जाची तार आठवा. तिच्यात मूळ सुरापेक्षा वरचे स्वयंभू स्वरच अधिक ठळक असतात. तरी आपला कान मूळ सूर ओळखतो. बेसच्या जाड तारेचेही थोडेफार तसेच आहे. पेडलला आपला कान नसतो. ते गोंधळते, आणि खालचा सूर गुळण्या केल्यासारखा गडगडतो.

दुसऱ्या जातीची पेडले संगणकी आकडेमोड करतात. ती दोन-तीन सूर एकदम पेलतात आणि वरचे सप्तकही देतात. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचे मायक्रो पॉग हे त्यांतले. त्याला मूळ, खालचे आणि वरचे असे तीन नॉब आहेत. बॉसचे २०२० साली आलेले ओसी-५ दोन्ही घराण्यांत नांदते : एका बाजूला जुन्या ओसी-२ चा ढंग, दुसऱ्या बाजूला अनेक सूर पेलणारी नवी रीत, शिवाय वरच्या सप्तकाचा नॉब.

आता थोडे आकडे. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. काळी एकला लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ वेळा. म्हणजे बेस मुळातच आपल्या खर्जाच्या खाली बसलेला आहे. त्याला आणखी एक सप्तक उतरवा : २०.६! माणसाच्या कानाची खालची वेस सुमारे २० वर आहे. तुमचा अँप्लिफायर हा सूर काढायला धडपडेल, स्पीकरचा कागद जोरजोराने हलेल, वीज खर्ची पडेल, आणि श्रोत्याच्या पदरात पडेल ती घरघर.

म्हणून जाणते वादक खालच्या सप्तकाचे पेडल लावून हात वर नेतात. जाड तारेकडून दुसऱ्या तारेच्या बाराव्या पडद्यावर ११० कंपने आहेत. पेडल त्याचे ५५ करते. हा सूर बेसच्या हक्काच्या मुलखातला. तो स्वच्छ निघतो आणि छातीवर बसतो.

येथपर्यंत सारे ठीक. पण पत्रलेखकाचे दुखणे वेगळेच आहे. गिटारवाला वर गेला की रिकामे वाटते, ते कुठे? खाली नाही; खाली तर हे स्वतः बसलेले आहेत. रिकामी होते ती मधली जागा, जिथे गिटारची साथ चालू होती. खाली आणखी एक सप्तक ओतणे म्हणजे विहिरीत पाणी नाही म्हणून ती अधिक खोल खणणे. कधी पाणी लागते. पण बहुधा खड्डाच वाढतो.

हे मी शहाणपणाने नव्हे, फजितीने शिकलो आहे. असल्याच तिघांच्या संचात असताना मी नुसती खालची सप्तके देणारे एक पेडल घेतले. घरी हेडफोनवर ते राजासारखे वाजले. सभागृहात पहिल्याच एकल वादनाला मी मोठ्या ऐटीने पाय दिला. शेवटच्या रांगेत धाकटा भाऊ बसला होता. रात्री तो म्हणाला, "दादा, खुर्ची हलत होती, गाणे कुठले चालले होते?" पेडलचे नाव सांगत नाही, कारण दोष त्याचा नव्हता. मागितले ते त्याने दिले; मागणेच चुकले होते.

बेसच्या चार तारा म्हणजे गिटारच्या खालच्या चार तारांचीच एक सप्तक खाली उतरलेली नक्कल आहे. म्हणून बेसला वरचे सप्तक जोडले की त्याच्या ४१ चे ८२ होतात, आणि गिटारची सर्वांत जाड तार बरोबर तिथेच आहे! गिटारवाला जी खुर्ची सोडून उठतो, ती ही.

तेव्हा पत्रलेखकाला माझा सल्ला असा. आधी एक पैसा न खर्चता प्रयोग करा. गिटारवाला वर गेला की तुम्ही मूळ स्वर आणि त्याच्या वरच्या सप्तकातला गंधार, चालीप्रमाणे शुद्ध किंवा कोमल, असे दोन सूर एकदम वाजवा. फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून ध्वनिमुद्रण करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. भरल्यासारखे वाटले, तर पगार वाचला.

नाहीच भागले, तर वरचे सप्तक देणारे आणि दोन सूर पेलणारे पेडल घ्या. तुमच्या यादीत ओसी-५ आणि मायक्रो पॉग आहेत. निवड त्या दोघांतच करा. सिंथेसायझरसारखा खर्जही पुढेमागे हवा असेल, तर ओसी-५ अधिक उपयोगी पडेल. दुकानात स्वतःचा बेस घेऊन जा. परक्या वाद्यावर केलेली परीक्षा खोटी असते. जाड तारेवर खाली, मग वर, मग दोन तारा एकदम, असे वाजवून पाहा आणि जलद वाजवताना सूर मागे रेंगाळतो का ते ऐका. मूळ सुराचा नॉब वेगळा असलाच पाहिजे. साखळीत हे पेडल आवाज फाडणाऱ्या पेडलांच्या आधी लावा, म्हणजे त्याला सूर स्वच्छ ऐकू येईल. मानेकडच्या पिकअपवर, टोन थोडा उतरवून वाजवलेत तर मोजणारे पेडलही पुष्कळ सुधारते. अॅडॉप्टर बहुधा ९ व्होल्टचा, मध्यभागी ऋण टोक असलेला लागतो. तरी पेडलवरची खूण वाचल्याशिवाय लावू नका.

आणि हो, प्रयोगाला आठ-पंधरा दिवस तरी द्या. पाडव्याचा मुहूर्त हुकला तर हुकू दे. अक्षय्य तृतीया काही कुठे जात नाही.