अंगणवाडीतील मोबाईल नेमका कोणासाठी?

नवी दिल्ली : तीन ते सहा वर्षे वयाच्या बालकांच्या शिक्षणाविषयी सरकारी दस्तऐवजांत सध्या तीन शब्द वारंवार आढळतात: तंत्रज्ञान, पालकांचा सहभाग आणि गटातून शिकणे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने पूर्वप्राथमिकची तीन वर्षे आणि पहिली-दुसरीचे वर्ग मिळून पाच वर्षांचा पायाभूत स्तर निश्चित केला. त्यानंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, मे २०२३ मध्ये ‘पोषण भी, पढाई भी’ उपक्रम आणि २०२४ मध्ये ‘आधारशिला’ हा अंगणवाड्यांसाठीचा अभ्यासक्रम आला. कागदावर हे तिन्ही घटक एकमेकांना पूरक दिसतात. देशातील सुमारे १४ लाख अंगणवाड्यांच्या खोलीत मात्र ते एकाच व्यक्तीच्या वेळेसाठी परस्परांशी स्पर्धा करतात. ती व्यक्ती म्हणजे अंगणवाडी सेविका.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांपासून सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने सेविकेकडे सहा सेवा सोपविल्या. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण यांच्या जोडीला अनौपचारिक शालापूर्व शिक्षण हे तिचे एक काम. आहाराचा हिशेब रोज द्यावा लागतो, वजनाची नोंद दरमहा तपासली जाते. मुलांनी गोष्ट ऐकली का, चौघांनी मिळून ठोकळ्यांचे घर रचले का, हे कोणी विचारत नाही. त्यामुळे वेळ अपुरा पडला की प्रथम शिक्षणाला कात्री लागते.

या पार्श्वभूमीवर मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर आला. अनेक नोंदवह्यांचे ओझे त्याने हलके व्हावे, अशी अपेक्षा होती. महाराष्ट्रात त्याच वर्षी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. फोनची क्षमता अपुरी असल्याची आणि अॅपची भाषा इंग्रजी असल्याची त्यांची तक्रार होती. भाषेचा प्रश्न पुढे बऱ्याच अंशी सुटला. नोंदींची संख्या मात्र वाढत गेली. जुलै २०२५ पासून घरी नेण्याच्या आहाराच्या वाटपासाठी लाभार्थ्याचा चेहरा ओळखण्याची प्रणाली अनिवार्य करण्यात आली. गळती रोखण्याचा हेतू रास्त आहे. पण नेटवर्क नसलेल्या वस्तीत चेहरा जुळेपर्यंत सेविका दाराशी उभी राहते आणि तेवढा वेळ मुले मदतनिसाच्या भरवशावर असतात. अंगणवाडीतील तंत्रज्ञानाचे तोंड अद्याप शासनाकडे आहे, बालकाकडे नाही, असे म्हणणे त्यामुळे वावगे ठरू नये.

बालकाकडे तोंड असलेले तंत्रज्ञान म्हणजे पडदा, असा समज खासगी बालवाड्यांनी रूढ केला आहे. ‘स्मार्ट क्लास’ हा तेथे प्रवेशाच्या जाहिरातीचा भाग असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला कमाल एक तास पडदा, तोही जितका कमी तितका चांगला, अशी शिफारस केली. स्वीडनच्या सरकारने २०२३ मध्ये बालशाळांतील डिजिटल साधनांची सक्ती मागे घेण्याची भूमिका घेतली. भारतात केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये सादर केलेला ‘जादुई पिटारा’ याबाबत अधिक समंजस म्हणावा लागेल. त्यात खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रफलक आणि गोष्टींची पुस्तके आहेत. हाताळण्याच्या वस्तूंभोवती मुले आपोआप जमतात, वाटून घेतात, भांडतात आणि मिटवतातही. भिंतीवरील पडद्यासमोर ती एका दिशेला तोंड करून बसतात.

गटातून शिकण्याची अंगणवाडीतील मूळ रचना तर कोणत्याही महागड्या शाळेपेक्षा अनुकूल आहे. तीन, चार आणि पाच वर्षांची मुले एकाच खोलीत असतात. मोठे मूल धाकट्याला गाणे शिकवते, मणी ओवताना धाकटे मोठ्याचे पाहून शिकते. ‘असर’च्या २०१९ मधील बालवयाविषयीच्या पाहणीत, वर्गीकरण, क्रम लावणे, आकृतिबंध ओळखणे अशा कृती ज्या मुलांना चांगल्या जमतात त्यांची भाषा व गणितातील कामगिरीही उजवी असते, असे आढळले होते. या कृती पाटीवर अक्षरे गिरवून येत नाहीत. परंतु वीस-पंचवीस मुलांचे तीन-चार गट पाडून प्रत्येक गटाला निराळे काम द्यायचे तर खोलीत मोठ्या माणसाचे लक्ष सतत हवे. ते नसेल तर उरतो एकच उपाय : सर्वांना एका रांगेत बसवून बाराखडी म्हणवून घेणे.

याविषयीचा सर्वांत ठोस पुरावा तमिळनाडूतून आला आहे. कार्तिक मुरलीधरन, अलेहांद्रो गानिमियन आणि ख्रिस्तोफर वॉल्टर्स या अर्थतज्ज्ञांनी तेथील ६४० अंगणवाड्यांचा अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्या ठिकाणी शालापूर्व शिक्षणासाठी अर्धवेळ जादा कार्यकर्ती नेमण्यात आली. शिकवण्याचा प्रत्यक्ष वेळ दुप्पट झाला, मुलांचे भाषा व गणित सुधारले आणि मूळ सेविकेला आहाराकडे अधिक लक्ष देता आल्याने कुपोषणही घटले. तेथे कोणतेही नवे अॅप नव्हते. आणखी दोन हात होते.

कुटुंबाच्या सहभागाचा मुद्दा येथेच महत्त्वाचा ठरतो. दुसऱ्या कार्यकर्तीसाठी निधी देण्यास शासन अनुत्सुक असताना आईकडे विनामोबदला मनुष्यबळ म्हणून पाहण्याचा मोह होऊ शकतो. हा धोका गृहीत धरूनही मातांच्या गटांचा अनुभव आश्वासक आहे. महाराष्ट्रात शालेय शिक्षण विभागाने ‘प्रथम’ संस्थेच्या साह्याने २०२२ मध्ये ‘पहिले पाऊल’ हा शाळापूर्व तयारीचा उपक्रम राबविला. मेळाव्यात मूल निरनिराळ्या टेबलांवर छोट्या कृती करते, आई ते पाहते आणि तिच्या हाती घरी करावयाच्या कृतींचे साहित्य येते. त्यानंतर वस्तीतील माता आठवड्यातून एकत्र जमतात. पुढील कृती फोनवरील संदेशातून येतात. डाळी निवडून वेगळ्या करणे, भांडी लहान-मोठ्या क्रमाने लावणे, बाजारातून आणलेल्या भाज्या मोजणे, असे त्यांचे स्वरूप असते. स्वतः शाळा पूर्ण न केलेल्या आईलाही ‘मी शिकवू शकते’ हे येथे प्रथमच कळते.

संदेश मुळात आईपर्यंत पोहोचतो का, हा प्रश्न उरतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे ५४ टक्के होते आणि ग्रामीण भागात ते निम्म्याहूनही कमी होते. घरातील स्मार्टफोन बहुधा वडिलांच्या खिशात दिवसभर बाहेर असतो. एकेकट्या पालकाला पाठवलेली चित्रफीत अशा घरात रात्री उघडली जाते किंवा उघडलीच जात नाही. गटात मात्र पाच मातांमध्ये एक फोन पुरतो. गटकार्य मुलांइतकेच मोठ्यांनाही उपयोगी पडते ते असे. वडिलांचा सहभाग हा मात्र या सर्व योजनांतील रिकामा कोपरा आहे. उपक्रमाचे नावच ‘माता गट’ असेल तर तो भरण्याची शक्यताही कमीच.

खासगी बालवाड्यांतील पालकांचा दबाव वेगळा आहे. तेथे वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर स्नेहसंमेलनाची छायाचित्रे आणि गृहपाठाची विचारणा एवढाच व्यवहार चालतो. चार वर्षांच्या मुलाची वही कोरी दिसली की पालक अस्वस्थ होतात. आता अंगणवाडीतील पालकही हीच मागणी करू लागले आहेत. खेळत शिकवणाऱ्या सेविकेला ‘काही शिकवत नाही’ असा शेरा ऐकावा लागतो.

यात सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या निर्णयाची भर पडली. अंगणवाड्या प्राथमिक शाळांच्या आवारात आणण्यासाठी महिला व बालविकास आणि शिक्षण मंत्रालयांनी मार्गदर्शक सूचना जारी केल्या. शौचालय, मैदान, पिण्याचे पाणी यांचा लाभ मुलांना मिळेल, हे खरे. मात्र १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे काम सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्या साथीने ते कोसबाडपर्यंत नेले, तेव्हा प्रवास उलट दिशेचा होता : मूल शाळेत येत नाही म्हणून बालवाडी पाड्यावरील अंगणात गेली. दारातली अंगणवाडी पुढे सरकली की येता-जाता डोकावणारी आईही दुरावू शकते.

‘पोषण भी, पढाई भी’ मध्ये रोज किमान दोन तास शालापूर्व शिक्षण अपेक्षित आहे. सेविकेच्या मानधनातील केंद्राचा आधार दरमहा ४,५०० रुपये आहे आणि तो ऑक्टोबर २०१८ मध्ये ठरला. राज्ये त्यात आपापली भर घालतात. चेहरा ओळख, आहारवाटप, वजन, गृहभेटी आणि हे दोन तास एकाच दिवसात बसवायचे असल्यास पहिल्या चारपैकी काय कमी करायचे, याचे उत्तर अद्याप कोणत्याही परिपत्रकाने सेविकेला दिलेले नाही.