वेगळं ताट, एकच दस्तरखान

आजारी माणसाची विचारपूस करणं ही आपल्याकडे सुन्नत मानली जाते आणि लोक ती मनापासून पाळतात. कुणाचं हाड मोडलं, कुणाचं ऑपरेशन झालं की नातेवाईक फळं घेऊन येतात, उशाशी बसतात, दुआ करतात. पोटाच्या जुन्या दुखण्याच्या वाट्याला मात्र ही विचारपूस येत नाही. असा माणूस चालतो-फिरतो, दुकानात बसतो, घरचं सगळं काम करतो. दिसायला धडधाकट. फक्त दस्तरखानावर बसला की ‘हे नको, ते चालत नाही’ म्हणतो. मग घरचे त्याला नखरेल ठरवतात आणि पाहुणे रुसतात.

ज्या घरात नवरा-बायकोपैकी एकाला असं दुखणं आहे आणि दुसऱ्याला आयुष्यभर त्याची साथ द्यायची आहे, अशा घरांसाठी या महिन्याचं सदर आहे. परभणीपासून पाथरीपर्यंत आणि गंगाखेडपासून जिंतूरपर्यंत अशी घरं आहेत. त्यांची गोष्ट चारचौघांत निघत नाही, कारण जुलाब, गॅस, पोट फुगणं हे बोलण्याचे विषय मानले जात नाहीत.

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. ‘पोटाला सोसत नाही’ या एकाच वाक्यात वेगवेगळे आजार लपलेले असतात. दुधातली साखर पचवणारा पाचकरस वयानुसार कमी झाला की दूध प्यायल्यावर पोट फुगतं, जुलाब होतात. यात त्रास होतो, पण आतड्याला इजा होत नाही, आणि अशा अनेकांना दही थोडंफार चालतं. मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होणं हा अल्सरेटिव्ह कोलायटिस. त्याला कायम औषध आणि डॉक्टरांची नजर लागते. तिसरा आजार सीलियाक. यात गहू आणि जव यांतल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्थाच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्न शोषून घेणारे बारीक अंकुर झिजतात. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. वजन घटतं, रक्त कमी होतं, हाडं ठिसूळ होतात. जगभरात साधारण 100 माणसांमागे एकाला हा आजार असतो आणि त्यांतल्या पुष्कळांना तो असल्याचं माहीतच नसतं.

गव्हाचा हा दोष कळला तोही एका दुष्काळामुळे. हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना आधीपासून गव्हाचा संशय होता. दुसऱ्या महायुद्धात, 1944-45 च्या हिवाळ्यात तिथे भीषण उपासमार झाली आणि पाव मिळेनासा झाला. बाकीची मुलं खंगत असताना या आजाराची मुलं मात्र सुधारू लागली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. डिके यांनी 1950 मध्ये आपल्या प्रबंधात हे मांडलं. सीलियाकवरचा उपाय आजही तोच आहे: गहू आणि जव आयुष्यभर पूर्ण बंद.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहा. ‘जगात जर्मनी, देशात परभणी’ हे आपण हसत-हसत म्हणतो, पण या एका आजाराच्या बाबतीत परभणीकर खरोखरच नशीबवान आहे. ज्वारीत ग्लूटेन नसतं. 1972 मध्ये स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’सारखे ज्वारीचे वाण दिले. 2018 मध्ये ‘परभणी शक्ती’ हा लोह आणि जस्त अधिक असलेला वाण आला. शहरातल्या रुग्णाला ग्लूटेनमुक्त पिठाचं छोटं पाकीट महागात पडतं. आपल्याकडे तेच धान्य पोत्याने घरात असतं.

अडचण आहे ती मनाची. गेल्या काही पिढ्यांत आपण घरच्यांसाठी भाकरी आणि पाहुण्यांसाठी गव्हाची रोटी अशी वाटणी करून टाकली. दावतीत भाकरी वाढणं कमीपणाचं झालं. मग ज्याला भाकरीच खायची आहे, तो पंगतीत आपोआप खाली घसरतो. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे वर्ष भरडधान्याचं म्हणून साजरं केलं. आपल्या दस्तरखानावर भाकरीला तो मान देण्यासाठी मात्र कुणाच्या ठरावाची गरज नाही.

दुसरी अडचण चक्कीची आहे. ज्या दगडावर आत्ताच गहू दळला, त्यावर लगेच ज्वारी दळली की पिठात गहू उतरतोच, आणि सीलियाकच्या रुग्णाला तेवढाही पुरतो. भारतात ‘ग्लूटेनमुक्त’ लिहिण्यासाठी 1 किलो पदार्थात 20 मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन असावं लागतं. त्यावरून किती थोडं चालतं याचा अंदाज यावा. म्हणून घरघंटी किंवा जुनं जातं फक्त ज्वारी-तांदळासाठी ठेवावं. परात आणि तवा वेगळा असावा. भाकरी थापताना खाली गव्हाचं पीठ घेऊ नये. पुऱ्या, समोसे तळलेलं तेल वापरू नये. बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, तेही पाहावं. बगारा खाना, दालचा, बिर्याणी हे मुळात तांदळाचे आणि डाळीचे पदार्थ. एवढी काळजी घेतली तर ते सगळ्यांबरोबर खाता येतात. हलीम, खिचडा, नान आणि शेवयांचा शीरखुर्मा मात्र नाही.

इथे एक इशारा. ही यादी वाचून कुणी स्वतःच गहू बंद करू नये. रक्ताची टीटीजी तपासणी आणि एंडोस्कोपी होईपर्यंत गहू चालू ठेवावा लागतो. आधीच बंद केला तर तपासणीत आजार लपतो. शिवाय एकाचं पथ्य दुसऱ्याला लागू पडत नाही. कोलायटिस उसळलेला असताना ज्वारीची कोंड्याची भाकरी काहींना मुळीच सोसत नाही, तिथे मऊ भात बरा. शौचातून रक्त जाणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, वजन झपाट्याने उतरणं यांपैकी काहीही दिसलं तर घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत.

आता मुद्द्याचं. नवऱ्याला पथ्य लागलं की आपल्याकडे अख्खं स्वयंपाकघर बदलतं. बायको, आई, बहीण सगळ्या शिकतात की त्याला काय चालतं. बायकोला पथ्य लागलं तर? ती सगळ्यांसाठी गव्हाच्या रोट्या लाटते, तेच पीठ तिच्या हाताला लागतं, आणि शेवटी स्वतःसाठी भाकरी थापायला अंगात बळ उरत नाही, म्हणून ती उरलेली रोटी खाते. सासरचे म्हणतात, ‘माहेरी तर सगळं खायची.’ अशक्तपणा कामचुकारपणात मोजला जातो. उपचार न झालेल्या सीलियाकचा संबंध मूल न राहण्याशी आणि वारंवार गर्भ पडण्याशी आढळलेला आहे. तरीही एखाद्या घरात तपासणीच्या आधी दुसऱ्या लग्नाची भाषा सुरू होते. आजार कुणाला व्हावा हे आपल्या हातात नाही. त्याचा भार कुणी उचलावा हे मात्र घर ठरवतं, आणि पुष्कळ घरांनी तो आजारी बाईच्याच डोक्यावर ठेवला आहे.

अशा घरातल्या नवऱ्यांना आम्ही हजरत उस्मान (रजि.) यांची आठवण करून देऊ इच्छितो. हिजरी सन 2 मध्ये बद्रची लढाई उभी राहिली, तेव्हा त्यांच्या पत्नी, प्रेषितांच्या कन्या हजरत रुकय्या (रजि.) आजारी होत्या. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उस्मानना त्यांच्या सेवेसाठी मदीनेत थांबायला सांगितलं. इस्लामच्या इतिहासातली एवढी मोठी लढाई, आणि जावयाला सांगितलं की पत्नीच्या उशाशी बस. पुढे त्यांना बद्रमध्ये लढलेल्यांइतकाच पुण्याचा आणि गनीमतीचा वाटा मिळाला. हजरत रुकय्या त्या आजारातून उठल्या नाहीत. विजयाची बातमी मदीनेत पोहोचली तेव्हा त्यांचं दफन चालू होतं. म्हणजे सेवेचं मोल रुग्ण बरा झाला की नाही यावर ठरलं नाही. आयुष्यभर न हटणाऱ्या आजारात साथ देणाऱ्यांनी ही गोष्ट मनात धरून ठेवावी.

दावतीचा प्रश्न याहून लहान दिसतो, पण रोजचं दुखणं तिथेच आहे. ‘एक घास खाल्ला तर काय होतं?’ हे वाक्य प्रेमाने म्हटलं जातं आणि पुढचे चार दिवस रुग्ण भोगतो. प्रेषितांसमोर एकदा वाळवंटातल्या एका सरपटणाऱ्या प्राण्याचं भाजलेलं मांस आलं. त्यांनी हात मागे घेतला. हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांनी विचारलं, हे हराम आहे का? नाही, असं उत्तर मिळालं. आपल्या भागात हे नसतं, मन घेत नाही, एवढंच कारण. खालिद यांनी ते तिथेच खाल्लं. एकाने खाल्लं, दुसऱ्याने नाही, आणि कुणाचा अपमान झाला नाही. प्रेषितांनी कधी अन्नाला नावं ठेवली नाहीत. आवडलं तर खाल्लं, नाही तर सोडलं. सूरह नूरच्या 61 व्या आयतीत जेवणाच्या संदर्भात आजारी माणसाचा वेगळा उल्लेख आहे, आणि एकत्र जेवा किंवा वेगवेगळे, त्यात दोष नाही असंही आहे. मग आपण दोष लावणारे कोण?

म्हणून दावतीत ‘नाही’ म्हणण्याचं काम निरोगी जोडीदाराने करावं. नवऱ्याने आपल्या आईला स्वतः सांगावं, ‘अम्मी, डॉक्टरांनी हिचा गहू बंद केलाय, माझ्यासमोर पुन्हा आग्रह नको.’ पत्नीने यजमानीणबाईंना आदल्या दिवशी फोन करून सांगावं की यांच्यासाठी भाकरी आम्ही घेऊन येतो, वाईट वाटून घेऊ नका. दुखणेकऱ्याला दर वेळी आपल्या पोटाचा हिशेब भर पंगतीत द्यायला लावू नये.

घरची वडीलधारी माणसं कधीकधी तल्बीना करून आणतात. हजरत आयेशा (रजि.) आजाऱ्यांना ती देण्यास सांगत, हे खरंच आहे. पण तल्बीना जवाची असते आणि जवात ग्लूटेन असतं. सीलियाकच्या रुग्णाने ती न घेणं म्हणजे सुन्नत नाकारणं नव्हे. आणणाऱ्याला हे प्रेमाने समजावून सांगता येतं.

रमजानबद्दल विचारणा होते. सूरह बकराच्या 184 व्या आयतीत आजाऱ्याला रोजे पुढे इतर दिवसांत पूर्ण करण्याची सवलत आहे, आणि ज्याला ते कायमच जमणार नाही त्याच्यासाठी फिदया, म्हणजे रोज एका गरजूचं जेवण. कुणाचं दुखणं कोणत्या प्रकारात बसतं हे आधी डॉक्टरांना आणि मग आपल्या आलिमसाहेबांना विचारावं. डॉक्टरांनी परवानगी दिलेला सीलियाकचा रुग्ण रोजा ठेवू शकतो, सहरीत पराठ्याऐवजी भाकरी आणि अंडी असली म्हणजे झालं. सवलत घेणाऱ्याकडे घरात कुणी तिरक्या नजरेने पाहू नये, आणि त्याला दुपारी लपून जेवायला लागू नये.

शेवटी साथ देणाऱ्यालाही दोन शब्द. राखणदार होऊ नका. रुग्णाच्या हातातला घास हिसकावू नका, मोठ्या माणसाला लहान मुलासारखं रागावू नका. त्याऐवजी एक वही ठेवा: काय खाल्लं, कधी त्रास झाला. नांदेडला किंवा घाटीत दाखवायला जाताना ती बरोबर न्या आणि स्वतःही बरोबर जा. प्रवासात शौचालय कुठे आहे हे आधी पाहून ठेवा, त्यावर विनोद करू नका. आणि तुम्हाला थकवा येईल तेव्हा भावाला, जावेला, नणंदेला काम वाटून द्या. ‘सब्र करा’ हा सल्ला आपण नेहमी आजाऱ्याला देतो. निरोगी माणसाचा सब्र म्हणजे रोज तवा वेगळा घासणं, आणि तो पुढची तीस वर्षं न कुरकुरता करावा लागणार आहे.

येत्या ईदला ज्यांच्या घरी असा पाहुणा येणार आहे, त्यांनी शीरखुर्म्याच्या वाट्यांशेजारी एक वाटी त्याला चालेल अशी ठेवावी: गहू नको असेल तर तांदळाची खीर, दूधही नको असेल तर नुसते खजूर आणि बदाम. ती वाटी आधी विचारून ठेवलेली असावी. अल्लाह सगळ्या आजाऱ्यांना शिफा देवो आणि त्यांच्या सोबत्यांना बळ देवो. आमीन.