रात्रीचा श्वास आणि दोन सरकारे

सीमाप्रश्नाच्या तारखा मोजण्यात सीमाभागातील आपल्या दोन-तीन पिढ्या गेल्या. त्याच प्रश्नाच्या एका दुर्लक्षित कोपऱ्याकडे लक्ष वेधणे आम्हास आवश्यक वाटते.

ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायूंचा आनुवंशिक आजार बहुतांशी मुलग्यांना होतो. साधारण दहा-बाराव्या वर्षी चालणे थांबते, ते सर्वांना दिसते. पुढे श्वासाचे स्नायू दुबळे होतात, ते मात्र दिसत नाही, कारण सुरुवात झोपेत होते. श्वास उथळ पडतो, कार्बन डायऑक्साइड शरीरात साठतो. सकाळी डोके दुखणे, भूक मरणे, वर्गात पेंगणे, रात्री वारंवार जाग येणे ही त्याची लक्षणे. घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे. कोणी ऑक्सिजनचा सिलिंडर आणतात. पण नुसता ऑक्सिजन अशा मुलाला घातक ठरू शकतो. त्याला छातीत हवा ढकलणारे यंत्र लागते. झोपताना मास्क लावून वापरायचे हे बायपॅप कोविडच्या काळात सर्वांच्या कानावरून गेले आहे.

त्याने काय साधते? इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी २००२ साली आपल्या रुग्णांची आकडेवारी प्रसिद्ध केली. १९६०च्या दशकात ही मुले सरासरी १४.४ वर्षे जगत. १९९० नंतर ज्यांना घरी रात्रीचे यंत्र मिळाले, त्यांची सरासरी २५.३ वर्षांवर गेली. जवळजवळ अकरा वर्षे! तेवढ्यात मुलगा बी.कॉम. होऊन नोकरीला लागतो.

आता सरकारांकडे पाहू. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा आजार आहे, केंद्राच्या २०२१च्या दुर्मिळ आजार धोरणातही आहे. महाराष्ट्राने २०२३ साली महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांसाठी जाहीर केली. कर्नाटकाने हरकत घेतली. वाद रंगला. पण या योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या आहेत. पलंगाशेजारी वर्षानुवर्षे चालणारे यंत्र त्यांत बसत नाही. म्हणजे श्वास कोंडून मुलगा अतिदक्षता विभागात गेला की पैसे मिळणार, जाऊ नये म्हणून मिळणार नाहीत. बँकेतल्या साध्या कारकुनालाही हा व्यवहार आतबट्ट्याचा दिसेल. कर्नाटकाने २०२४-२५च्या अर्थसंकल्पात अशा रुग्णांची काळजी घेणाऱ्यांना दरमहा १,००० रुपये जाहीर केले, त्याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु त्यातून मास्क बदलायचा, इन्व्हर्टरची बॅटरी घ्यायची की यंत्रासाठी साठवायचे?

सीमेचा निकाल लागेल तेव्हा लागो. घरी वापरायचे श्वसनयंत्र दोन्ही सरकारांनी आपापल्या योजनेत घ्यावे, आणि अशा घरांना वीज बंद ठेवण्याची सूचना आदल्या दिवशी मिळावी, ही आमची मागणी आहे. हिवाळी अधिवेशनासाठी कर्नाटक सरकार बेळगावच्या सुवर्णसौधात येते, तेव्हा हे निवेदन भाषेच्या निवेदनाबरोबरच द्यावे. मुंबईलाही तेच पाठवावे. आपल्या गल्लीत, गावात असा मुलगा असल्यास त्याच्या पालकांच्या संमतीने मंडळाकडे कळवावे. आकडा हाती नसेल तर मंत्री पहिला प्रश्न तोच विचारतील.