तुझ्यासकट एकसष्ट जण होते की रे

मंडळी, पोस्ट लांब आहे. यातली पहिली चूक माझीच आहे, म्हणून आधी तीच सांगतो.

मागच्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या तालुक्यात पूर्वी तहसीलदार असलेल्या एका साहेबांच्या नावाने मला फ्रेंड रिक्वेस्ट आली. साहेब माझ्या यादीत आधीपासून होतेच. फोटो तोच, पाठीमागची जास्वंदही तीच. म्हटलं, पासवर्ड विसरले असतील, नवीन खातं उघडलं असेल, या वयात होतं. एसटीची वाट बघत उभा होतो, अंगठा दाबला, विषय संपला.

चार दिवसांनी त्याच नावाने आमच्या जुन्या गुरुजींना रिक्वेस्ट गेली. गुरुजी म्हणजे भाजीचा हिशोबही वहीत लिहिणारा माणूस. त्यांनी प्रोफाइल उघडून पाहिलं, तर लॉक केलेलं. दिसत होतं ते एवढंच : फोटो आणि खाली ६१ म्युच्युअल फ्रेंड्स. त्यात मी. त्यांनी घेतलं. मग मेसेंजरवर रामराम, तब्येतीची चौकशी, मोबाइल नंबर. आणि मग ती ठरलेली गोष्ट. "माझा एक मित्र सीआरपीएफमध्ये आहे, अचानक बदली झालीय, घरातलं नव्यासारखं सामान स्वस्तात काढतोय." फ्रिज, सोफा, वॉशिंग मशीन, एसी, सगळं मिळून ९५ हजार. लेकीचं पुण्यात बिऱ्हाड मांडायचं होतं. आधी ४० हजार भरले, मग ट्रकचं भाडं, मग 'परत मिळणारं' डिपॉझिट. ट्रक काही आला नाही.

हा प्रकार नवा नाही. कलेक्टर, पोलीस अधिकारी यांच्या नावाने हीच बदली आणि हेच फर्निचर महाराष्ट्रात कितीदा तरी विकून झालंय. ते अधिकारी बिचारे "माझ्या नावाने पैसे मागितले तर देऊ नका" अशी पोस्ट टाकतात, आपण खाली "काळजी घ्या साहेब" लिहितो आणि पुढे सरकतो. म्हणून "शिकलेला माणूस, एवढं कळू नये?" असं गुरुजींबद्दल कोणी बोललं की माझं डोकं फिरतं. अहो, त्यांनी चौकशी केली होती! आपल्याकडेच केली होती. आपली नावं वाचूनच त्यांनी विश्वास ठेवला. घरी आले तेव्हा रागावलेही नाहीत. फक्त म्हणाले, "तुझ्यासकट एकसष्ट जण होते की रे त्यात."

ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. त्या एकसष्टांपैकी अठरा जणांना मी फोन लावले. वकील, शिक्षक, माजी सरपंच, बँकेतून निवृत्त झालेले एक काका. प्रश्न एकच : रिक्वेस्ट घेण्याआधी साहेबांना एक फोन केला होता का? अठरापैकी एकानेही नाही. सरपंच म्हणाले, "वकीलसाहेब होते ना यादीत, म्हणून घेतलं." वकीलसाहेब म्हणाले, "तुम्ही होतात म्हणून." आणि मी कुणाच्या जिवावर घेतलं, ते वर सांगितलंच आहे.

पतसंस्थेत सख्ख्या साडूला जामीन राहायचं म्हटलं तर आपण आठ दिवस तोंड चुकवतो. इथे ज्याचं खरं नावही माहीत नाही त्याला जामीन राहतो, तेही एसटीची वाट बघता बघता.

"माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय?" हे वाक्य त्या अठरांतल्या निम्म्यांनी ऐकवलं. दादा, चोराला तुमचं घर नकोच आहे. त्याला तुमचा कठडा हवाय, शेजारच्या गच्चीवर उडी मारायला.

आणि आमचे भावी नगरसेवक! फेसबुक एका खात्याला ५,००० च मित्र देतं, तर "५ हजार पूर्ण, जनतेचं प्रेम" म्हणून फुलांच्या चौकटीत स्वतःचा फोटो. त्यातले गावातले किती, हे विचारायचं नाही. पण त्या यादीत आपला माणूस आहे म्हणून खालच्या आळीतली म्हातारी एखाद्यावर विश्वास टाकते, त्याची जबाबदारी कोणाची?

पैशावर भागलं तर नशीब म्हणायचं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, साक्री तालुक्यात, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज व्हॉट्सॲपवरून फिरत होते. असा मेसेज परक्याकडून आला तर आपण बघतही नाही. कुणा भाऊजींकडून, मित्राकडून येतो म्हणून खरा वाटतो. त्या मित्राला कुठून आला, हे कोण विचारतो?

आता कोणी म्हणेल, म्हणजे फक्त आपल्या पक्षाचे, आपल्या जातीचे, आपल्यासारखं बोलणारे तेवढेच ठेवायचे का? अजिबात नाही. माझ्याशी दहा वर्षं कडाकडा भांडणारे तीन जण यादीत आहेत, ते राहणार. ते कोण आहेत, कुठे राहतात, कशावर चिडतात, मला माहीत आहे. मत न पटणाऱ्याची मला भीती नाही, ज्याला चेहराच नाही त्याची आहे.

दोन कामाच्या गोष्टी. मित्रयादी कोणाला दिसावी याचं सेटिंग असतं, ते 'ओन्ली मी' करा. गोड फोटोवाल्या अनोळखी मुलीच्या नावाने व्हिडिओ कॉल करून रेकॉर्डिंग करणारे "तुझ्या सगळ्या मित्रांना पाठवतो" म्हणून याच उघड्या यादीच्या जोरावर धमकावतात. म्युच्युअल मात्र तरीही दिसतात, म्हणून नुसतं लपवून भागत नाही, निवडायला लागतं. दुसरं, पैसे गेले तर त्याच तासात १९३० ला फोन. गुरुजींनी लाजेपोटी सहाव्या दिवशी केला. तोवर रक्कम कुठल्या कुठे गेली होती.

मी गेला महिनाभर रोज रात्री यादी चाळतोय. ४,२०० वरून १,३०० वर आलोय. साहेबांच्या नावाचं खोटं खातं रिपोर्ट केलं, खऱ्या साहेबांना जाऊन भेटलो. ते माझ्यापेक्षा जास्त ओशाळले होते.

काढलेल्यांपैकी एकाचा काल फोन आला. भयंकर चिडले होते, "आम्ही काय चोर वाटलो का?" वीस मिनिटं बोललो. त्यांची द्राक्षबाग आहे, मुलगा एमपीएससी करतोय, माझ्या वडिलांना ओळखायचे. सात वर्षं यादीत होते, मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. परत घेतलं त्यांना.