एक गणित, दोन उत्तरे

हिशेबात माणूस चुकेल, यंत्र चुकणार नाही, अशी आपल्या घराघरांतून दृढ समजूत आहे. ही समजूत तपासून पाहण्याचा प्रसंग छत्रपती संभाजीनगरात, समर्थनगरातील आमच्या एका स्नेह्यांच्या घरी आला. तो वाचकांस सांगण्याजोगा वाटतो.

या घरातील थोरला नातू पदव्युत्तर वर्गात शिकतो. मराठवाड्यातील विहिरींच्या नोंदींवर त्याने प्रबंध योजिला असून, प्रत्येक विहिरीची पातळी सरासरीपासून किती वरखाली होते हे काढणारा प्रोग्राम त्याने ‘सी’ भाषेत स्वतः लिहिला. घरच्या जुन्या संगणकावर तो बिनतक्रार चालला. पुढे काकांनी नवा लॅपटॉप घेऊन दिला. त्यातील प्रोसेसर निराळ्या, म्हणजे ‘आर्म’ घराण्याचा. प्रोग्राम तोच, नोंदी त्याच. परंतु काही विहिरींपुढे आकड्याऐवजी ‘ही संख्या नव्हे’ असा शेरा उमटू लागला. प्रबंध देण्यास आठ दिवस उरले होते. ‘त्या विहिरी गाळून टाक, कोण पाहतो?’ असा सल्ला एका मित्राने दिला.

मुलाने ही गोष्ट आजोबांच्या कानावर घातली. आजोबांची हयात हिशेबाच्या कामात गेलेली. ते म्हणाले, “अरे, ताळेबंद जुळत नाही म्हणून खातेच फाडायचे काय? अडलेल्या विहिरी आधी वेगळ्या काढ.”

वेगळ्या काढल्या तेव्हा दिसले की, त्या प्रत्येकीची एकच एक नोंद होती. एका नोंदीत वरखाली कसले? उत्तर शून्य यावयास हवे. नातवाचे सूत्र असे होते की, वर्गांच्या सरासरीतून सरासरीचा वर्ग वजा करावा आणि बाकीचे वर्गमूळ काढावे. कागदावर हे निर्दोष आहे. परंतु यंत्रास अनंत दशांशस्थळे ठेवता येत नाहीत. नेहमीच्या ६४ बिटांच्या संख्येत सुमारे १५ ते १६ अंक मावतात; पुढचे तोडून जवळचा आकडा घ्यावा लागतो.

वाण्याच्या यादीतील प्रत्येक रकमेचे पैसे सूनबाईंनी तोडले आणि सासूबाईंनी ते अखेरीस एकदाच तोडले, तर दोघींच्या बेरजेत रुपया-दोन रुपयांचा फरक पडेल. खोटी मात्र कोणीच नाही. येथेही तसेच झाले. जुना संगणक दोन्ही वर्ग सारखेच तोडीत असे, म्हणून बाकी शून्य. नवा प्रोसेसर गुणाकार व वजाबाकी एकाच क्रियेत करून शेवटी एकदाच तोडतो. एक वर्ग तोडलेला, दुसरा अखंड. त्यामुळे बाकी काही ठिकाणी शून्याच्या किंचित खाली गेली आणि ऋण संख्येचे वर्गमूळ काढण्यास यंत्राने नकार दिला.

निदान पडताळण्यासाठी नातवाने कंपायलरला ‘या दोन क्रिया जोडू नकोस’ अशी आज्ञा दिली. शेरा नाहीसा झाला. येथेच थांबण्याचा मोह होता. पण जुने शून्य हे दोन समान चुकांनी एकमेकींस झाकल्याचे फळ आहे, हे आता उघड झाले होते. दोष यंत्रात नव्हे, सूत्रात होता. त्याने आधी सरासरी काढून प्रत्येक नोंदीच्या अंतराचा वर्ग घेण्याची रीत धरली. ती बेरीज ऋण होऊच शकत नाही. एकही विहीर न गाळता प्रबंध वेळेवर गेला.

मोठ्या विद्वानांसही हा अनुभव आलेला आहे. १९६१ साली हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ यांनी ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा यंत्रास दिला, आणि पुढचे सारे हवामान निराळे निघाले. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली सिद्ध केलेला ‘परम ८०००’ ट्रान्सप्युटर जातीच्या प्रोसेसरांवर चालत असे. नंतरच्या ‘परम’ यंत्रांत प्रोसेसरांची घराणी बदलत गेली. घराणे बदलले की जुना प्रोग्राम पुन्हा पारखून घेणे आलेच.

तेव्हा आमच्या तरुण वाचकांस एवढेच सांगावयाचे की, ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असे एक लहान उदाहरण नेहमी जवळ ठेवावे. दोन उत्तरांतील अखेरचा अंक जुळावा असा हट्ट धरू नये. आणि फरक मोठा दिसल्यास तो झाकू नये. मराठवाड्यात विहिरीचा एक आकडाही कोणाच्या तरी घरच्या पाण्याचा असतो.