आजीचं कुंकू काळंच राहू द्या

जुने कृष्णधवल फोटो मोबाईलवर रंगीत करून घ्यायची हल्ली टूम निघाली आहे. आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही आजी, आजोबा, पणजोबा असे एकेक जण रंगून येऊ लागलेत. सगळे वा वा करतात. मला मात्र ते बघवत नाहीत. का, ते सांगते.

या वेडाचं मूळ लहानपणात आहे. १९६० च्या सुमारास, मी चौथी-पाचवीत असताना, गल्लीतले स्टुडिओवाले काका मला कधीमधी डार्करूममध्ये उभं राहू देत. लाल दिवा, हायपोचा आंबूस वास. कोरा कागद डेव्हलपरच्या ताटलीत बुडवला की आधी काळी टोपी उमटे, मग मिशा आणि शेवटी चेहरा! तेव्हा जी ओढ लागली ती पंचाहत्तरीतही तशीच आहे.

मी मराठीतून बी.ए. झालेली बाई, विज्ञानाशी संबंध नाही. पण त्या लाल दिव्याचं कोडं स्वस्थ बसू देईना, म्हणून वाचत गेले. त्या कागदाला लाल प्रकाश जाणवतच नाही. जुन्या अनेक फिल्म्सचंही तसंच. म्हणून जुन्या कितीतरी फोटोंत लालभडक कुंकू काळं दिसतं.

आता मोबाईलला हे कसं कळावं? तो करड्या छटेवरून नुसता अंदाज बांधतो. वेगवेगळ्या रंगांची करडी छटा एकच येऊ शकते. माझ्या आजीचा एकुलता एक फोटो आहे. त्यातलं लुगडं त्याने निळं केलं. ते निळं होतं का? सांगणारं आता कुणी उरलं नाही. नातवंडांना मात्र पणजी निळ्या लुगड्यातलीच आठवणार.

कृष्णधवल फोटो रंगांबद्दल खोटं बोलत नाही, गप्प राहतो. होमाई व्यारावाला (१९१३-२०१२) यांनी टिपलेले गांधी-नेहरू बघा. रंगावाचून काही अडतं का? नजर थेट चेहऱ्यावर जाते.

असो. हौस असेल तर रंगवा बापडे. पण मूळ फोटो फेकू नका. मागे पेन्सिलीने नाव आणि साल लिहा. आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर लुगड्याचा रंग आधी त्याला विचारा.