जुनी लष्करी जीप उघडण्यापूर्वी

लष्कराची जुनी जीप ज्याच्या वाट्याला येते त्याचा हात प्रथम पान्याकडे जातो. दुसऱ्या दिवशी बॉनेट उतरते, आठवड्याभरात इंजिन जमिनीवर येते, आणि वर्ष उलटल्यावर गोठ्याच्या कोपऱ्यात चार टोपल्या नट-बोल्ट, एक गंजकी चासी आणि एक खिन्न मालक एवढेच शिल्लक राहते. आजोबांच्या मागे राहिलेली जीप पुन्हा चालती करावी अशी इच्छा आमच्या एका तरुण वाचकाने पत्राने कळविली असून, प्रारंभ कोठून करावा, असे विचारले आहे. वाचनापासून करावा, असे आमचे उत्तर आहे. एवढ्याने त्याचे समाधान व्हावयाचे नाही, हे ठाऊक असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

वाचावयाचे काय, हे गाडी कोणती यावर अवलंबून आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, अमेरिकेत विलिस व फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. विलिसची ती एम.बी. आणि फोर्डची ती जी.पी.डब्ल्यू. दिसावयास दोघी जुळ्या बहिणी. परंतु चासीचा अगदी पुढचा आडवा दांडा विलिसमध्ये गोल नळीचा असतो, फोर्डमध्ये तो पन्हळीच्या आकाराचा असतो. शिवाय फोर्डने आपल्या पुष्कळ भागांवर, बोल्टांच्या माथ्यावरसुद्धा, 'एफ' हे अक्षर उमटविले आहे. पुढील जाळीला नऊ फटी असतील तर गाडी युद्धकाळातील समजावी. सात असतील तर ती बहुधा युद्धानंतरची. आपल्याकडे १९४७ पासून महिंद्र कंपनी मुंबईत विलिस जीपगाड्या जोडू लागली, आणि पुढे उंच बॉनेटची सी.जे. ३ बी ही जातही येथे दीर्घकाळ तयार होत राहिली. 'ही महायुद्धातली' असे अभिमानाने सांगितले जाते ती गाडी पुष्कळदा याच कुळातील निघते. त्यात उणेपणा काहीच नाही. मात्र दोहोंची इंजिने एक नव्हेत, आणि एकीचे सुटे भाग दुसरीसाठी विकत घेतले की पैसे पाण्यात गेले म्हणून समजावे.

चासीचा क्रमांक आधी शोधावा. विलिसमध्ये तो डाव्या बाजूला रिव्हेटने बसविलेल्या लहानशा पट्टीवर असतो. फोर्डमध्ये चासीच्या डाव्या पट्टीच्या पोलादातच ठोकलेला असतो. गंज काढण्याच्या भरात तेथे ग्राइंडर फिरला की क्रमांक जातो, आणि त्याबरोबर गाडीची ओळखही जाते.

युद्धकालीन जीप असेल तर अमेरिकन लष्कराने १९४४ साली काढलेले टी.एम. ९-८०३ हे पुस्तक मिळवावे. नवशिक्या शिपायालाही उमगावे इतकी चित्रे त्यात आहेत. एकदा ते नुसते वाचावे. दुसऱ्यांदा गाडीशेजारी बसून, ज्या भागाचे वर्णन चालले आहे त्यावर बोट ठेवून वाचावे. इंजिनासाठी टी.एम. ९-१८०३ ए, आणि गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल व सांगाडा यांसाठी ९-१८०३ बी असे दोन आणखी ग्रंथ आहेत.

हा आग्रह पंडिती नव्हे. चाकाचीच गोष्ट घ्या. अनेक युद्धकालीन जीपांची चाके दोन अर्ध्या तबकड्या बोल्टांनी एकत्र आवळून केलेली असतात. आतील वर्तुळातील पाच नट चाक धरून ठेवतात; बाहेरच्या वर्तुळातील नट त्या दोन तबकड्यांना. हा भेद ज्याला ठाऊक नाही, तो टायरमध्ये हवा असतानाच बाहेरचे नट सैल करू लागतो, आणि शेवटचे एक-दोन आटे उरले की तबकडी तोफगोळ्यासारखी उसळते. समोर बसलेल्याचा प्राण जाऊ शकतो. म्हणून चाकाला हात लावण्यापूर्वी व्हॉल्व्हमधील पिन काढून हवा पूर्णपणे जाऊ द्यावी. दुसरी गोष्ट, डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. 'गंजले आहेत' म्हणून लांब नळी लावून ते तोडणारे मेस्त्री काही थोडे नाहीत.

पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखालीच असते. ती वर्षानुवर्षे रिकामी असली तरी आतील वाफ पेट घेऊ शकते; तिला वेल्डिंगची ठिणगी घरी कदापि दाखवू नये. जुन्या ब्रेकच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असते, त्याची धूळ हवेच्या दाबाने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. त्या काळच्या काही लष्करी मापकांच्या आकड्यांवर रेडियमचा रंग असे. अशा मापकाची काच उघडून काटे खरवडण्याचा मोह टाळावा.

पाने इंचांचे हवेत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, तेथे तेरा मिलिमीटरचा पाना बसतो खरा, परंतु गंजलेल्या बोल्टचे कोपरे तो गोल करून टाकतो. वीज सहा व्होल्टची आहे. तेवढीच शक्ती द्यावयास बारा व्होल्टच्या दुप्पट प्रवाह वाहावा लागतो, यास्तव तारा जाड लागतात. बारीक तारा घालून मग 'स्टार्टर मंद फिरतो' अशी तक्रार करण्यात अर्थ नाही.

आता इंजिन. बंद पडलेले इंजिन उघडलेच पाहिजे असे नाही. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडावे, एक-दोन दिवस थांबावे, आणि पुढच्या हँडलने हाताने सावकाश फिरवून पाहावे. फिरले, तर पुढे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. एखाद्या सिलिंडरचा दाब कमी भरला तर त्यात थोडे तेल घालून पुन्हा मोजावा: दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असाव्यात, न वाढला तर व्हॉल्व्ह नीट बसत नसावेत. या अर्ध्या तासाच्या परीक्षेने कित्येकांचे हजारो रुपये वाचतात.

पत्राच्या अखेरीस या तरुण मित्राने हिरव्या रंगाची नेमकी छटा विचारली आहे! भारतात मोटार वाहन नियमांप्रमाणे ऑलिव्ह ग्रीन हा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज इतरांस लावता येत नाही. तेव्हा रंगाचा डबा घेण्याआधी परिवहन कार्यालयात विचारणा करावी. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपात राखलेल्या खाजगी गाड्यांची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होऊ शकते. परंतु चासी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसावा, अशी अट आहे. डिझेल इंजिन बसवून देतो म्हणणाऱ्या गॅरेजवाल्याला होकार देण्यापूर्वी हे ध्यानात असावे.

आजोबांच्या आर.सी. पुस्तकातील क्रमांक चासीवरील क्रमांकाशी जुळतो की नाही, आणि जाळीला फटी किती आहेत, एवढे त्याने कळवावे. सुट्या भागांविषयी त्यानंतर लिहू.